गौरीपुढे मांडलेले खेळ

आत्याबाई, तुमची सून लिहितेय. अक्षर तुम्हाला माहीतच आहे, तिसरीत शाळा सुटली तेव्हा होतं तसंच आहे, ओळ अजून वर चढते. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या पणतीनं रेकॉर्ड केलं! देशात सगळ्यांत जास्त व्हिडिओ गेम तिच्याकडे आहेत असा कागद आलाय, तो काचेत घालून तुमच्या फोटोशेजारी लावलाय. आता व्हिडिओ गेम म्हणजे काय ते आधी सांगते. टीव्ही तुम्ही शेवटी शेवटी समोरच्यांकडे पाहिला होता ना, त्याला वायरीनं एक पेटी जोडायची, हातात बटणांचा ठोकळा धरायचा, की आपण दाबू तशी आतली बाहुली उड्या मारते. पोरगी हिमायतनगरला कॉम्प्युटर शिकवते. पगार झाला की आबिड्सच्या फुटपाथवर रविवारी जुना बाजार भरतो तिथे हिंडते, कुणाचा भाऊ दुबईहून आला कळलं की त्यांच्या दारात उभी, "चाची, पुराना गेम पडा है क्या?" बिघडलेलं आणते, आतल्या तारांना डाग देऊन चालतं करते. आता बाहेरचा माल सुलतान बाजारातही उघड मिळतो. तुमच्या वेळी जावईबापूंनी परदेशी घड्याळ घातलं तर अख्खी गल्ली मनगट बघायला आली होती, आठवतं?

तर तिचा बाप, म्हणजे तुमचा लाडका नातू, परेशान. कपाटात खेळ, पलंगाखाली खेळ, लोणच्याच्या बरण्यांमागे खेळ. "बघायला येणाऱ्यांना काय सांगू? मुलगी काय करते, तर खेळते?" चैत्र लागला तसं त्यानं सांगूनच टाकलं, अक्षय्य तृतीयेला गौर उठली की दुसऱ्या दिवशी कबाडीवाला येणार. पोरगी रडली नाही. एकेक पेटी फडक्यानं पुसत बसली. ते मला बघवेना. तिचं म्हणणं, एकदा रेकॉर्ड होऊ दे, मग बाबा टाकून देणार नाहीत. पण रेकॉर्डवाल्यांची अट अशी, की सगळी यंत्रं एका जागी मांडा, चालवून दाखवा, घराबाहेरची दोन शिकलेली माणसं साक्षीला घ्या, फोटो पाठवा. आणि नल्लकुंट्याच्या या घरात मोकळी भिंत एकच, तिथे महिनाभर तुमची गौर बसलेली.

मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं. मी नवी नवरी, ताक घुसळायचं टाकून चुलीमागे सागरगोटे खेळत बसलेय, आणि तुम्ही दारात उभ्या. "माहेरी आहेस का?" म्हणालात. मग तुम्ही मागे वळून सासरे ओसरीवर आहेत का ते पाहिलंत, ओचा सावरून माझ्यासमोर बसलात, आणि सागरगोटे ओढून घेतलेत. "हाताकडे काय बघतेस? हात आपलं काम करतो. नजर वर ठेव." सगळे सागरगोटे एका झेलात उचललेत. ताक तसंच राहिलं. त्या चैत्रात गौरीपुढे तुम्ही भातुकली मांडलीत, लाकडी घोडा मांडलात, आणि शेवटी ते सागरगोटेही. पुढे कधी तरी मला डबीसकट देऊन टाकलेत. कुणी विचारलं की तुम्ही म्हणायचात, गौर माहेरी येते ती खेळायला, तिला काय फक्त हरभरे खायला बोलावलंय?

मग मी ठरवलं. माझी सून म्हणाली, "अहो आई, देवीपुढे वायरी?" मी म्हटलं, आत्याबाईंनी घोडा ठेवला, मी हे ठेवते. पत्र्याच्या ट्रंकांच्या पायऱ्या केल्या, त्यावर तुमची जांभळी पैठणी, वर झोपाळ्यात गौर, आणि खाली पार उंबऱ्यापर्यंत खेळ. एक लाकडाच्या रंगाचा, एक रशियाचा तळहाताएवढा, त्यात लांडगा अंडी झेलतो. काय आरास दिसते म्हणून सांगू! हळदीकुंकवाला बायका येतात, ओटी घेतात, पन्हं पितात, आणि उठतच नाहीत. साक्षीला शाळेच्या रिटायर हेडबाई आणि शेजारच्या तेलुगू डॉक्टरीणबाई. एकेक पेटी लावून, चालते का बघून, सही करायची होती. पण पेटी लागली की हेडबाई ठोकळा सोडतात कुठे! आणि सगळ्याजणी बटणांकडे बघत खेळतायत, बाहुली आपली भिंतीवर आपटतेय. मी ओरडले, "हाताकडे बघू नका, नजर वर ठेवा!" नात माझ्याकडे बघतच राहिली. "आजी, मी क्लासमध्ये हेच सांगते, तुला कुणी शिकवलं?"

तेवढ्यात मुलगा कोर्टातून आला. काळा कोट, हातात फायली, चेहरा असा की मला वाटलं आता पैठणी ओढतो. टीव्हीसमोरच उभा राहिला. डॉक्टरीणबाईंनी मान वाकडी करून पाहिलं, म्हणाल्या, "कोंचं पक्ककु जरगंडी वकीलसाब, मेरा आखरी लाइफ है." आणि वकीलसाब खरंच बाजूला जरगले! भिंतीला टेकून बघत राहिले. थोड्या वेळानं हळूच विचारतात कसे, "ही उडी कशी मारायची?" पोरीनं ठोकळा हातात दिला. पन्ह्याचा पेला कोटावर सांडला तरी पत्ता नाही. गौर उठली, दुसरा दिवस आला, कबाडीवाला दारात हाक मारून गेला, आणि हा आतून म्हणाला, "रद्दी दे त्याला, पेपर फार साठलेत." मग पोरीला, "माझ्या कपाटातलं तेवढं काढ, शर्ट ठेवायला जागा नाही." बस्स. पोरगी माझ्या गळ्यात पडून तेव्हा रडली.

आता हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? सागरगोट्यांच्या डबीखाली ठेवते. दुपारी घर निजलं की मी आणि नात त्यांनीच खेळतो, ती हरवते मला. परवा तिनं विचारलं, पणजीशी खेळताना कोण जिंकायचं? मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगते तेच सांगितलं, सासू म्हणून मी मुद्दाम हरायची. तसं नव्हतं, आत्याबाई. मी जीव तोडून खेळायची.