शिक्क्याची बिस्किटं

म्हैसूर, गुरुवार संध्याकाळ

इथल्या हेब्बाळच्या कंपनीत कामाला आलेला माझा इस्रायलचा भाचा एलान आल्यापासून नुसती रब्बीच्या, आमच्या ज्यू धर्मगुरूच्या, शिक्क्याची बिस्किटं खातोय. "मावशी, तुझ्याकडचं कोशर आहे हे कोण सांगणार?" कोशर, म्हणजे आमच्या धर्माच्या नियमात बसणारं. मी सांगते ना, आणखी कोण? या गावात एकटीने ज्यू घर सांभाळलं ते उगाच?

आज खवल्यांचा मासा (बिनखवल्यांचा आम्हाला चालत नाही) नारळाच्या रसात शिजत होता. वासाने राहवेना, तेव्हा त्याने त्याच्या रब्बींना फोन लावला. त्यांनी एवढंच विचारलं, मावशी धर्म पाळते ना? मग तिचा शब्द पुरे.

दोनदा भात मागून घेतला पठ्ठ्याने.

शिक्क्याची बिस्किटं टेबलावरच राहिलीत. सकाळी चहाबरोबर मी संपवीन. आधी मात्र त्यालाच विचारणार, कोशर आहेत का रे?