ज्याला पोकू म्हणालो त्या दादाच्या नावे

कापसाचे पैसे दादाने खाल्ले, असे मी भर ओसरीवर ओरडलो, तेव्हा बा, तुम्ही माझ्या थोबाडीत का मारली नाही? ही तक्रार दोन वर्षे उशिराने करतो.

मी चंद्रभान वल्द खुशालराव, वय बावीस, राहणार नांदगाव खंडेश्वर, हल्ली मुंबईस कापसाच्या गाठींवर हमाल. डोके ठिकाणावर आहे. उद्यापासून पडावाच्या होडीवरून जहाजात गाठी चढवायच्या. मागल्या आठवड्यात दोघे बुडाले. मला पोहता येत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

काल एका बावळट हमालास मी पोकू म्हणालो, आपल्या गावात म्हणतात तसे. अकोल्याचे नत्थुजी मापारी हसले.

"अबे, त्याले चार काहून म्हणतं?"

"चार?"

"दलालायच्या चोरबोलीत पोकू म्हंजे चार. मंगी म्हंजे आठ. कास्तकाराले समजू नये म्हणून."

मी गाठीवरच बसलो. दोन वर्षांमागे आमचा कापूस विकला त्या दिवशी गोवर्धन दलालाने भाव ठरवायला रुमालाखाली व्यापाऱ्याची बोटे दाबली आणि दादाकडे पाहून म्हणाला, "तुमचं मंगी, याले पोकू." व्यापारी हसला. मीही हसलो! वाटभर दादाला पोकू म्हणून चिडवले, पोरांनी ते उचलले, गावभर झाले. पैसे दादाने गोवर्धनाकडून एकट्याने आणले, मणाला चारच रुपये. व्यापाऱ्याने आठ मोजले हे सायंकाळी कळले, आणि मी भावाला चोर म्हणालो.

म्हणून भांडून वाटणीत घेतलेले माझे पाच बिघे दादाच्या नावे. नको म्हणेल तर त्याला माझी शपथ. पांढरा गोऱ्हाही त्याचाच. गोऱ्ह्याचे नाव बदला, मी ते दादाला खिजवायला ठेवले होते.

गोवर्धनास काही नाही. यापुढे रुमाल अंथरू देऊ नका, भाव तोंडाने, चारचौघांत. रीत आहे म्हणेल. म्हणा, मंगी म्हंजे आठ, आमाले ठावं हाय. मग त्याचे तोंड पाहून घ्या, माझ्या वाट्याचेही.

मनकर्णावहिनी, तुम्ही पायातले तोडे काढून माझ्यापुढे टाकले. "घ्या भाऊजी, तुमचे पैसे." आणि मी ते उचलले. विकून इथे आलो. अजून खरे वाटत नाही की तो हात माझाच.

वाचून, समजून सही केली: चंद्रभान.
साक्षी: नत्थुजी मापारी, सही. उत्तमराव, आमच्याच खोलीतले, नांगराची निशाणी. हे उत्तमरावच हा कागद घेऊन गावी निघतात.
मुक्काम कुलाबा, माघ वद्य तृतीया, शके १७८५.

उत्तमरावांच्या कमरेला बांधून, तोड्यांचे आले होते तितके: रुपये एकतीस.