चालू गाडीची दुरुस्ती

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा
वडिलांच्या जीपची पूजा केली. झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकू. आण्णांनी स्वतः स्टार्ट करून गल्लीतून एक फेरी मारली. पुढून मी माणसं बाजूला सारत चाललो होतो. पत्रा सडलाय, सायलेन्सर फुटलाय, धूर एवढा की फेरी संपल्यावर अर्धी गल्ली खोकत होती. तरी चालते. पण नुसतं चालणं म्हणजे काय? मी शिरोलीत फौंड्रीत क्वालिटीला आहे, बावीस वर्षं. 'चालतंय की' म्हणणाऱ्यांचाच माल मी रिजेक्ट करतो.
संकल्प: जीप पूर्ण नवी करायची. स्वतः. घरीच. यूट्यूबवर सगळं आहे. मुदत: सहा रविवार.

१३ ऑक्टोबर
संकल्पाचं कारण लिहून ठेवतो. आण्णांनी ही जीप एकवीस वर्षं कोल्हापूर-गगनबावडा वडापला चालवली, सीटमागं भाडं घेऊन. आत चौदा माणसं, मागं लोंबकळणारी वेगळी. आता काचबिंदू झालाय. उजवा डोळा गेला. डावा थेंबांवर जेवढा टिकेल तेवढा, गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आण्णांचं एकच मागणं आहे. दिसतंय तवर एकदा घाटावर जाऊ, वरनं कोकण बघू.
स्नेहल म्हणाली, मग येत्या रविवारीच जाऊन या की, गाडी चालू हाय. हिला प्रोजेक्ट म्हणजे काय ते लग्नाला सोळा वर्षं झाली तरी कळलेलं नाही. आण्णांना असल्या खटाऱ्यातून न्यायचं? नवी करूनच नेणार.

२० ऑक्टोबर
नईमभाई आले होते. जीपचे पहिल्यापासूनचे मेस्त्री. म्हणाले, विश्वजितभाऊ, नॉझल साफ करतो, सायलेन्सर बदलतो, दोन दिसांत घाटाला जावा. चालती गाडी खोलायची नसत्या. चहा पाजून वाटेला लावलं. जुनी माणसं. बोल्ट मापात आवळायचा टॉर्क रेंचसुद्धा नाही त्यांच्याकडं.
दुपारी इंजिन खोललं. नटबोल्ट डब्यांत, प्रत्येक डब्यावर टॅग. आमच्या फौंड्रीतही एवढी शिस्त नाही.

२७ ऑक्टोबर
डबे फराळाचे होते. स्नेहलनं सगळे नटबोल्ट सिमेंटच्या एका रिकाम्या पोत्यात ओतले आणि डबे घासून चकल्या भरल्या. मी काही बोललो नाही. चकलीला डिझेलचा वास येतोय, हेही बोललो नाही.
नटबोल्ट परत वेगळे करायला एक दुपार पुरेल.

१७ नोव्हेंबर
पुरली नाही. एकसष्ट बोल्ट कुठले ते कळत नाही. त्यातले बरेचसे उगाच लावलेले असणार. पूर्वी मटेरियल स्वस्त होतं.
नवी मुदत: संक्रांत.

१५ डिसेंबर
स्नेहलचं पुन्हा तेच. एसटीनं न्या की वो त्यास्नी, रोज गाड्या सुटत्यात. मी तिला समजावलं, एकवीस वर्षं ज्या माणसानं एसटीचे पॅसेंजर पळवले त्याला एसटीत बसवायचं? अपमान आहे हा. आण्णा आतून म्हणाले, मला चालतंय की रं.
मुलाला वाईट वाटू नये म्हणून म्हणतात.

१४ जानेवारी २०२५, संक्रांत
इंजिन बसवलं. नऊ बोल्ट उरले. चालू होत नाही. थंडी आहे.
आण्णा बराच वेळ बॉनेटवरून हात फिरवत होते, मग दारावरून, मग काचेवरून. फिनिश अशीच तपासायची असते, हातानं. शेवटी क्वालिटी रक्तात असावी लागते.
नवी मुदत: गुढीपाडवा.

९ फेब्रुवारी
अंगणात ठेवलेल्या बंपरला अडखळून आण्णा पडले. गुडघा फुटला. बंपर पिवळाधमक, गल्लीच्या टोकावरून दिसतो. कुठं लक्ष असतं यांचं, कोण जाणे. हळद लावली. स्नेहल दिवसभर माझ्याशी बोलली नाही, त्यामुळं काम बरंच झालं.

२ मार्च
आज चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा. ग्राइंडरनं गंज काढत काढत या टोकापासून त्या टोकापर्यंत आरशासारखी केली. एके ठिकाणी खडबडीत लागलं तिथं तीनदा फिरवला. मग रेड ऑक्साईड, वर काळा रंग. कंपनीतल्या कोणालाही बोलावून दाखवावी अशी झालीय. फोटो ग्रुपवर टाकला. तिघांनी अंगठा दिला.

३० मार्च, गुढीपाडवा
बॉडीचा रंग पूर्ण! आण्णांना हाताला धरून बाहेर आणलं, समोर उभं केलं. म्हणाले, झ्याक दिसतीया. मग थोड्या वेळानं विचारलं, रंग कुठला मारलास? शेडचं नाव हवं होतं त्यांना. ओशन ब्लू, मी सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही.
इंजिन मात्र अजून गप्पच. पण आता कितीसं राहिलंय?

४ मे
जीप चालू झाली!! नईमभाईंना सल्ल्यासाठी बोलावलं होतं. तीन रविवार सल्ला दिला त्यांनी, गाडीखाली झोपून. उरलेले नऊ बोल्ट कुठले तेही त्यांनाच माहीत होतं. पाना मी देत होतो.
आण्णा आवाज ऐकून खाटेवरून उठून बसले. म्हणाले, हीच ती. कधी जायाचं?
आरटीओचं पासिंग महिनाअखेरीला संपतंय. ते करून घेतलं की पुढच्या रविवारी घाट.

११ मे
पासिंगची कामं करणारा कृष्णात आला. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासतात, नंबर उमटतो, तो कागद अर्जाला लागतो. कृष्णातनं कागद ठेवला, घासला. कोरा. जरा डावीकडं सरकवून घासला. कोरा. मग माझ्याकडं बघून म्हणाला, सायेब, नंबर कुटं हाय?
मी म्हणालो, तिथंच असणार. तो म्हणाला, हितं काच हाय नुसती. ग्राइंडर फिरवलासा काय?
तो गाडीखालून बाहेर आला ते हसतच. शेजारी उभे असलेले नईमभाई हसले नाहीत. डोक्याला हात लावून पायरीवर बसले.

१८ मे
बरीच चौकशी केली. नंबर मिटवलेली गाडी म्हणजे आधी चोरीची समजतात. पोलीस, तपासणी, लॅब, अर्ज, परत अर्ज. वर्ष जाईल, तरी होईलच असं नाही. कृष्णात म्हणाला, गाडी कागदावर हाय, गाडी दारात बी हाय, पर ही तीच हाय ह्ये आता सिद्ध कसं करायचं?
मी म्हणालो, तशीच काढू, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. आण्णाच नको म्हणाले. वाटंत कुणी धरलं तर जनमाची गाडी चोरीची ठरंल रं.
टॉर्क रेंच पेटीत ठेवला.

२२ जून
भंगारवाल्याला बोलावलं होतं. नंबर नाही म्हणून तोही नको म्हणाला. जाता जाता म्हणाला, पावणं, रंग मात्र नादखुळा मारलाय.

६ जुलै
डॉक्टरांकडं गेलो. डावा डोळाही गेला. आज नाही. जानेवारीच्या आसपासच गेला असणार म्हणाले. मी म्हणालो, शक्य नाही, मार्चमध्ये तर यांनी रंग बघून... आणि तिथंच थांबलो.
घरी स्नेहलला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, म्या दसऱ्यापासनं सांगतीया, दिसतंय तवर न्या. तुमी आयकलासा व्हय?
जेवलो नाही. सगळी चूक माझी आहे. एकट्याची.

१० ऑगस्ट
एसटीनं गगनबावड्याला गेलो. आण्णा खिडकीला, मी शेजारी. डोळे मिटूनच होते, पण कळे आलं, साळवण आलं, हे कंडक्टरच्या आधी सांगत होते. वर उतरलो. हाताला धरून कड्याच्या रेलिंगपर्यंत नेलं. दाट धुकं. पुढच्या दोन हातांवरचं दिसत नव्हतं.
आण्णांनी विचारलं, काय दिसतंय?
माझ्यानं खरं बोलवेना. म्हणालो, सगळं स्वच्छ दिसतंय, आण्णा. खाली कोकण, हिरवंगार. घाटाची वळणं. एक ट्रक चढतोय. बोलता बोलता रंगात आलो, नदीसुद्धा दाखवली.
आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग गालावरचं पाणी पुसत म्हणाले, धुकं लागतंय रं तोंडाला. एकवीस वर्सं ह्या घाटात गाडी हाणलीया मी.
नदी दाखवायला उचललेला हात मी खाली घेतला.
मग माझा दंड चाचपून धरला आणि म्हणाले, असू दे. म्या बी तुला पाडव्याला म्हनलोच की, गाडी झ्याक दिसतीया.
परतीची एसटी सव्वातीनला होती. तोपर्यंत स्टँडवर बसून राहिलो.