अर्थिंगच्या पाच कुंड्या

सानपाडा, ६ एप्रिल

ती. मुक्ताआत्यास मैत्रीचा सविनय जय भीम.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो असं कळलं, बरं वाटलं. आम्ही दोघं ठीक आहोत, बाबांना इलेक्ट्रॉनिक्सचा छंद लागला आहे एवढं सोडून. (फोनच केला असता, पण तू तो स्पीकरवर ठेवतेस आणि मग उरणची अख्खी आळी मला सल्ला देते.)

यंदा जयंतीला विहारातलं दिव्यांचं धम्मचक्र आपण घरी बनवलेल्या पॉवर सप्लायवर लावू, असं तुझ्या भावाने कमिटीला सांगून टाकलं. कमिटीने डेकोरेटरला नको म्हणून कळवलंही. आता चक्र लागलं नाही तर विहाराची पायरी चढणार नाही, ही बाबांची प्रतिज्ञा. आकृती त्यांनी इंटरनेटवरून छापून आणली: भिंतीतली वीज ट्रान्सफॉर्मरने कमी करायची, डायोडने एका दिशेला लावायची, कपॅसिटरने तिची थरथर काढायची, रेग्युलेटरने बारा व्होल्टवर बसवायची. इथपर्यंत त्यांना सगळं समजलं, हे मी लिहून देते.

पण त्या आकृतीत पाच ठिकाणी एक खूण आहे: उभी रेघ आणि तिच्याखाली लहान होत जाणाऱ्या तीन आडव्या. इथे तिचा अर्थ इतकाच, की ही पाचही टोकं एकमेकांना जोडा. कागदावर तारांचं जाळं होऊ नये म्हणून नुसती खूण. बाबांनी मात्र कंटेनर यार्डात कारकुनी करताना हीच खूण अर्थिंगच्या खड्ड्यावर पाहिलेली. त्यांनी बाल्कनीतल्या पाच कुंड्यांत मीठ-कोळसा भरला आणि प्रत्येकीत एकेक तार पुरली. (मिरचीने लगेच मान टाकली. कढीपत्ता झगडतो आहे.)

मी अर्थ सांगून पाहिला. म्हणाले, "तू एसीत बसून सप्लाय तपासतेस, खड्डा कधी बघितलायस?" दुर्दैवाने कुंड्या एकाच ट्रेमध्ये आहेत. पाणी घातलं की खारट ओल सगळ्यांना जोडते आणि चाचणीचा एलईडी काजव्याएवढा लागतो. झालं, सिद्धांत सिद्ध! कमिटीच्या सगुणाकाकू बघायला आल्या आणि "भाऊ, अजून एक तांब्या घाला, वाढतोय बघा उजेड!" म्हणून स्वतःच घालून गेल्या.

भिंतीकडच्या तारांचे जोड बाबांनी सेलोटेपने गुंडाळले होते. ते आंघोळीला गेल्यावर मी प्लग काढून जोडांवर इन्सुलेशनची स्लीव्ह चढवली, फ्यूज बसवला. काळजीपोटी नाही, सवय आहे.

बाकी हकिकत बाबा सांगतीलच, ती याच्याशी जुळणार नाही.

तुझी भाची,
मैत्री

ता. क. : पत्राचं खरं काम हे. बाबा माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतात. फोन करून दरडाव, की पाचही तारा एकत्र पीळ. कारण विचारलं तर 'मी थोरली आहे' एवढं पुरे.

ता. क. २ : फोन करू नकोस. पाच कुंड्या विहारात न्यायला रिक्षावाला तयार होईना, म्हणून बाबांनी पाचही तारांची एक वेणी घातली आणि एकट्या कढीपत्त्यात खुपसली. चक्र लख्ख लागलं. मी मीटर लावला: बरोबर बारा व्होल्ट. जोडणी निर्दोष आहे, कुंडी तेवढी जादा. कमिटी तिला हार घालणार आहे. तू जयंतीला नक्की ये. फक्त बाबा सगळ्यांना कढीपत्त्याचे गुण समजावतील तेव्हा माझ्याकडे बघू नकोस. मला हसू आवरणार नाही, आणि ते इतके खूश मी आईनंतर पहिल्यांदाच बघते आहे.