मागची उघडी भिंत

२७ एप्रिल, शनिवार

आज चर्चचा हॉल झाडताना माझा नवरा फेलेती होता तेव्हाची एक सकाळ आठवली—त्या सकाळीही मी असाच हॉल झाडत होते. बाकं पुसली, झावळीच्या झाडूने वाळू बाहेर काढली. फेलेती माइकचा आवाज चढवत नेत होता. शीळ घुमली की यंत्रावरचा एकेक खटका खाली ओढून तिला शोधायचा. "सापडली!"—जणू मासाच गळाला लागला!

"भिंत आवाज परत फेकते, माइक तोच पुन्हा उचलतो," म्हणाला. "तुमचं कापड थोडा गिळतं म्हणून बरं."

मागच्या भिंतीवर आम्ही बायकांनी साल कुटून केलेलं भिंतभर कापड होतं.

२८ एप्रिल, रविवार

प्रार्थनेत पुन्हा शीळ! फेलेतीला पुरताना ते भिंतीवरचं कापड त्याच्या अंगाखाली मातीत गेलं, तेव्हापासून हे असंच. खटके कुणी हलवत नाही—त्याने लावलेले ना!

वन्सं म्हणाल्या, "माझ्या भावाने जिवंतपणी तरी कुणाला धड बोलू दिलं होतं का?"

सगळे हसले. मीही.

पण मला ती शीळ हवीशी वाटते. डोळे मिटले की तो मागे उभा असतो, खिडकीतल्या उन्हात, पाय ओले, नुकताच समुद्रावरून आल्यासारखा.

३० एप्रिल

पन्नाशीत मी भजनाच्या पुस्तकावरून अक्षरं शिकले. आता नात लुपेकडून मुलांच्या रविवारी चर्चमध्ये म्हणायच्या ओळी पाठ करून घेते.

"आजी, मुलांच्या रविवारी आजोबा माझ्यापुरते गप्प बसतील ना?"

मी नारळ खवत राहिले.

३ मे, शुक्रवार

तालीम. लुपेने तोंड उघडलं—शीळ! पुन्हा—शीळ! कान झाकून पळाली पोर. "मी नाही बोलणार! आजोबांना माझं बोलणं आवडत नाही!"

पाद्री म्हणाले, "नवं यंत्र मागवू." नव्या यंत्रालाही भिंत तीच.

वन्सं या वेळी हसल्या नाहीत. शेजारी बसून हळूच म्हणाल्या, "वहिनी, जाऊ दे गं त्याला."

घरी येऊन पेटीवर बसून राहिले. आत माझं कापड आहे. माझ्या वेळेला माझ्या अंगाखाली घालायचं. त्याची साल फेलेतीनेच सोलून दिली होती.

४ मे, शनिवार

पेटी उघडली. माझं कापड मागच्या भिंतीवर टांगलं. माइकपाशी उभी राहून लुपेच्या ओळी मोठ्याने वाचल्या.

फक्त माझाच आवाज आला.