चौदा जानेवारीचं रीडिंग

मयूर विहार, २९ नोव्हेंबर १९९६

प्रिय सुजय,

पुण्यात अजून थंडी नसेल. इथे काल रजया काढल्या. बाबांची माळ्यावरच ठेवली.

बाबा गेल्यापासून मी त्यांनी घरी ठेवलेल्या कामाच्या वह्या वाचते आहे. तुला सांगितलं नाही, हसला असतास. मॅट्रिक झालेली बाई, शब्दकोश घेऊन लाइटनिंग अरेस्टर समजून घेते. तारेवर वीज कोसळली की ती जमिनीत उतरवणारा चिनीमातीचा उभा खांब. आतून खराब झाला की त्यातून करंट झिरपू लागतो, बाहेरून काही दिसत नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी मीटर लावून तो मोजायचा, वाढला असेल तर खांब बदलायचा. नाहीतर फुटतो. जुलैत नव्या सेक्टरांच्या सबस्टेशनात फुटला तेव्हा बाबा शेजारी उभे होते.

ठपका आला त्यांच्या हाताखालच्या हणमंतवर. जानेवारीचं रीडिंग त्याच्या अक्षरात, आणि आकडे मागच्या उन्हाळ्याचेच, जसेच्या तसे. कडक उन्हातला आणि थंडीतला करंट इतका सारखा येत नाही, हे आता मलाही कळतं. निलंबन झाल्यावर तो घरी आला होता. "वहिनी, साहेब त्या दिवशी आलेच नव्हते. फोनवर म्हणाले, मागचेच आकडे घाल." मेलेल्या माणसावर ढकलतोस, म्हणाले मी, आणि दार लावलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. तू मला शाबास म्हणालास.

रीडिंगची तारीख चौदा जानेवारी. त्या दिवशी आपण पानिपतला होतो, संक्रांतीला इथली मराठी मंडळी जातात तसे. बाबा काम आहे म्हणत होते. कॉलन्यांना वीज पुरवायला अख्खं वर्ष पडलंय, घरच्यांना एक दिवस द्या, असं मीच टोचून बोलले. परवा त्यांच्या वहीत ते पान सापडलं. त्यांचंच अक्षर: १४ जाने. गेलो नाही. हणमंतला मागचेच आकडे भरायला सांगितले. पुढच्या आठवड्यात मोजणे. त्यानंतर मोजल्याची नोंद कुठेच नाही.

सोमवारी हणमंतची शेवटची सुनावणी आहे. वही दिली की बाबांचं नाव जाईल. अनुकंपेवर तुला नोकरी मिळावी म्हणून केलेला अर्जही बहुधा जाईल. बाबांच्या ऑफिसातले राजीवकाका म्हणाले, वही जाळून टाका. तूही तेच म्हणशील आणि मी कदाचित ऐकेन, म्हणून फोन केला नाही. हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा सोमवार होऊन गेलेला असेल.

रागावलास तरी तुझीच,
आई