तिसऱ्या बाकाची शिस्त

४ नोव्हें., मंगळवार
नदीकाठच्या बागेत ६.१० ला आत. फेरी २८६० पावलं. बोर्डावर दोन कि.मी. लिहिलंय, माझ्या मोजणीत एकशे चाळीस मीटर जास्त. रखवालदाराला सांगितलं. हसला.
राजा तिसऱ्या बाकाजवळ न सांगता बसला. पाच मिनिटं, बराबर. शेजारच्या सरांनी गुढीपाडव्याला आपला हा कुत्रा माझ्याकडं सोडला तेव्हा नुसता ओढायचा. शिस्त माझी. जळक्या मोटारींचं वाइंडिंग बिनउस्तादाचं शिकलो, तसंच हे. खिशातल्या शिट्टीची एक फुंक, ये. दोन, थांब.
पामेरियनवाल्या बाई: "काय राजावाले, बरंय ना?" आठ महिने झाले, नाव कुणी विचारलं न्हाई. घरी हाक मारणारी गेली त्याला चार वर्षं.

९ नोव्हें., रवि.
सरांचा पुण्याहून फोन. "मिस्त्री, पंधरा दिवस म्हणून गेल्तो, लई तकलीफ दिली तुम्हाला. पोरानं आता अंगणवालं घर घेतलंय. २३ ला राजाला न्यायला येतो."
तकलीफ कसली, म्हणालो. फोन ठेवला.

१४ नोव्हें.
बाईंना सांगितलं. "दुसरं पिल्लू घ्या की मंग."
मोटार जळाली तरी मी दुसरी घ्या म्हणत न्हाई, बाई.

२० नोव्हें., गुरु.
स्वतःच फोन लावला. सर, त्याला माझी सवय झालीय. तिसऱ्या बाकाजवळ पाच मिनिटं बसतो, मी शिकवलंय.
सर मंग हळूच, "मिस्त्री, तिथं मी गुडघा चोळत बसायचो. अजून थांबतो व्हय तो?"
मंग म्हणाले: "असं करू. त्याच बाकावर भेटू. ज्याच्याकडं येईल, त्याचा."
संध्याकाळी राजाला घेऊन परत बाकाकडं गेलो. त्याच्या शेजारी खाली बसून पाहिलं. तो गेटकडं बघून राह्यला होता. आठ महिने मी घड्याळ बघितलं, त्याचं तोंड कुणीकडं ते न्हाई.

२३ नोव्हें., रवि. ५.४०
काल आंघोळ घातली. पट्ट्याची कडी घासली. सर सव्वासहाला येणार.
शिट्टी मारली तर तो माझ्याकडं येणार, त्यात शंकाच न्हाई. म्हणून टेबलावर ठेवली. चप्पल घातली. परत येऊन उचलली. ठेवली.
५.५२. राजा दारात उभा आहे. शिट्टी अजून टेबलावर.